गुठळी, घड्याळ आणि चाकणची कोंडी

मेंदूच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी काही रुग्णांत औषधाविना, आपोआप विरघळते. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. प्रफुल्ल दलाल यांनी सहकाऱ्यांसह हे निरीक्षण १९६५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. सीटी स्कॅन यायला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. मेंदूतला रक्तप्रवाह पाहायचा तर मानेतल्या धमनीत सुई घालून क्ष-किरणांत उमटणारे द्रव्य सोडायचे आणि भराभर फोटो घ्यायचे, एवढीच सोय होती. हीच अँजिओग्राफी काही रुग्णांवर पुन्हा केली, तेव्हा आधी बंद दिसलेली धमनी मोकळी झालेली आढळली.

धमनी मोकळी झाली म्हणजे रुग्ण बरा झाला, असे मात्र नव्हे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २०च्या खाली गेले की पेशींचे काम थांबते आणि १०च्या आसपास आले की पेशी मरू लागतात. या दोन आकड्यांच्या मधला भाग निकामी दिसतो, पण जिवंत असतो. उपचार धडपडतात ते त्याच्यासाठी. शरीर गुठळी विरघळवते ते स्वतःच्या सवडीने, आणि हा भाग तोवर तग धरतोच असे नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पक्षाघाताची लक्षणे दिसल्यापासून तीन तासांत दिल्यास उपयोगी पडते, हे १९९५मध्ये सिद्ध झाले. पुढे ही मुदत साडेचार तासांवर गेली.

दलाल यांचे ‘लॅन्सेट’मधले काम गाजले. पण त्यांचे अधिक मोलाचे काम बहुधा उतारवयातले आहे, आणि ते दिसायला अगदी रुक्ष आहे: मोजणी. लीलावती रुग्णालयात असताना त्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईतल्या १,५६,८६१ रहिवाशांमधले पक्षाघाताचे नवे रुग्ण नोंदवले. ते ४५६ निघाले. जवळपास तीस टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. सुमारे अठरा टक्क्यांना गुठळी नव्हे, तर रक्तस्राव झाला होता. अशा रुग्णाला गुठळीचे इंजेक्शन दिले तर जीव जाऊ शकतो, म्हणून आधी सीटी स्कॅन हवाच.

दरवर्षी २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनी ‘गोल्डन अवर’च्या, म्हणजे उपचारासाठी मोलाच्या पहिल्या वेळेच्या, बातम्या छापून येतात. त्या शहरासाठी लिहिलेल्या असतात. जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावा येथून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जायचे, तर आधी नारायणगाव गाठायचे, मग पुणे-नाशिक महामार्गाने आणखी सुमारे ७५ किलोमीटर, वाटेत चाकणची कोंडी. त्यातही अंगावरून वारे गेले म्हणून आधी मालिश किंवा झाडपाला झाला, की साडेचार तास घरातच संपतात.

खेड्यातली मोजणी गडचिरोलीत झाली. ‘सर्च’ संस्थेत तेव्हा काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतले एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातले मृत्यू तपासले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. खेड्यात संसर्गाचे आजार आणि शहरात रक्तदाबाचे, ही समजूत या मोजणीने खोटी ठरवली. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७ टक्के घरीच वारले. रुग्णालयाच्या दारात घड्याळ लावून बसलेल्या उपचारांचा त्यांना काही उपयोग नव्हता. म्हणून ‘सर्च’ने पुढचा प्रयोग पक्षाघाताच्या आधीच्या टप्प्यावर केला: प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी गावातच रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण शोधायचे व त्यांची औषधे चालू राहतील हे पाहायचे.