पेटीतली वर्दी : अमानत की भंगार?

कामठीत इंग्रजांनी 1821 साली छावणी वसवली. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. फौजेच्या सोबतीने वाढलेल्या या भागात जुन्या घरांत अजूनही एखादी लोखंडी पेटी सापडते. तिच्यात खाकी कपडे, पट्टा, पाण्याची बाटली, कधी एखादे पदकही असते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अशाच एका घरी गेलो. दादाजानच्या वडिलांचे पहिल्या महायुद्धातले पदक कबाडी चांदीच्या भावाने मागत होता. पोरे द्यायला तयार होती, पण अम्मीने हात धरला. "आधी कुणाला तरी विचारा, मग विका," त्या म्हणाल्या.

आम्ही पदक उजेडात धरले. एका बाजूला पंचम जॉर्जचे डोके, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि 1914 व 1918 ही साले. खरी गोष्ट मात्र कडेवर असते. या पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगातून आम्ही अक्षरे एकेक वाचली. कुराण शरीफच्या कपाटात जपून ठेवलेल्या पेन्शनच्या कागदावर तोच नंबर निघाला. घरात क्षणभर कुणीच बोलले नाही.

हात आत घालून पाहा

हजरत पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचे कोरडे आणि आतले ओले निघाले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. ओले दाणे वर ठेवायला हवे होते, म्हणजे घेणाऱ्याला दिसले असते, असा त्यातला बोध. जुन्या फौजी वस्तूंच्या बाजारालाही तो लागू आहे. आज या वस्तूंना शौकीन गिऱ्हाईक आहे, म्हणून नकलाही भरपूर आहेत.

पारख आतून करावी. पदकाच्या कडेवरचे मूळ नाव घासून दुसरे कोरले असेल तर कड पातळ होते. या पदकाचा व्यास 36 मिलिमीटर असतो. तो कमी भरला तर सावध व्हावे. तेच पदक तांब्या-पितळेच्या रंगाचे दिसले तरी लगेच खोटे म्हणू नये. मजूर पलटणी आणि फौजेबरोबरच्या कामगारांना ते कांस्याचे देत असत.

कपड्याच्या अस्तरावर आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला शिक्के शोधावेत. इंग्रज सरकारच्या मालावर बाणाची खूण असे. हिंदुस्थानच्या मालावर बाणासोबत इंग्रजी 'आय' अक्षर दिसते. कानपूरचे नाव इंग्रजीत पूर्वी 'सी'ने सुरू होई. 1948 नंतर ते 'के'ने लिहू लागले. म्हणून 'के'चा शिक्का आणि 1942 साल एकत्र असेल तर काहीतरी चुकते आहे. आतल्या शिवणीतला सुटा धागा जाळून पाहता येतो. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याची गोळी होते. महायुद्धातला म्हणून विकलेल्या कोटात पॉलिस्टर निघाले तर बोलायला काही उरत नाही.

बटणांनी सांगितलेली गोष्ट

त्या पेटीत एक जाड कोटही होता. तोही पदकवाल्या बुजुर्गांचाच, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. पण बटणांवर मुकुट नव्हता, अशोकस्तंभाचे सिंह होते. ते 26 जानेवारी 1950 नंतरचे. बटणे पुढे बदलली असतील म्हणून टाके पाहिले. बटणाचा आणि काजांचा धागा एकाच वयाचा होता. मग कोट कुणाचा?

कोपऱ्यात बसलेल्या खालाजान बराच वेळ गप्प होत्या. "अरे, तो तर धाकट्या मामूंचा," त्या म्हणाल्या. "फौजेत बावर्ची होते. निकाहाआधीच गेले, म्हणून कुणी नाव घेत नाही." पदक खरे ठरले आणि कोटाची गोष्ट खोटी ठरली. पण त्या खोट्या गोष्टीखाली दबलेला एक खरा माणूस त्या दिवशी घरात परत आला.

काय करावे, काय टाळावे

पदक ब्रासोने घासू नये, अक्षरे झिजतात. कपडे धुऊ नयेत. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये नको, पावसाळ्यात बुरशी धरते. कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवावा. वस्तू ज्या घरातून आली तिथली माहिती, फोटो आणि कागद तिच्यासोबतच ठेवावेत. वेगळे केले की पुरावा गेला.

कायदाही ध्यानात असू द्या. तलवार आणि संगीन यांना शस्त्र कायदा लागू होऊ शकतो, म्हणून आधी पोलीस ठाण्यात विचारावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, त्या परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाहीत. आणि सैनिक असल्याचे भासवण्यासाठी फौजी वर्दी घालणे हा गुन्हा आहे. मुलांना जुनी शस्त्रे दाखवायची तर नागपूरचा अजब बंगला आहे. 1863 पासूनच्या या संग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे.

कबाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा आला होता, असे अम्मीने नंतर फोनवर सांगितले. त्याला चहा पाजून परत पाठवले. पदक आणि कोट आता दोन वेगळ्या पुडक्यांत आहेत. प्रत्येकावर ज्याचे त्याचे नाव लिहिले आहे.