रिसिव्हरमागची जोडणी

होम थिएटर घेतले, की सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, गेमचा कन्सोल या साऱ्यांच्या वायरी आधी रिसिव्हरच्या ‘इन’मध्ये लावायच्या. तिथे आवाज स्पीकरांकडे वळतो आणि चित्र ‘आउट’मधून एकाच केबलने टीव्हीकडे जाते. २००२ साली आलेल्या एचडीएमआयने हे इतके सोपे केले. त्याआधीच्या कम्पोनंट जोडणीत नुसत्या चित्रालाच लाल, हिरवी, निळी अशा तीन वायरी लागत, आवाजाच्या वेगळ्या.

टीव्हीतल्याच ॲपवर चित्रपट पाहत असाल, तर आवाज उलट दिशेने रिसिव्हरकडे यायला हवा. ही सोय म्हणजे एआरसी. केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्याच पोर्टमध्ये लावा आणि दोन्हीकडच्या मेनूत ती सुरू करा.

खरी मेख पुढे आहे. फोर-के ब्लू-रेसारख्या चित्रपटांना एचडीसीपी २.२ हे कुलूप असते आणि साखळीतल्या प्रत्येक यंत्राला ते ओळखता यावे लागते. मध्ये जुना रिसिव्हर असला, की पडदा काळा राहतो किंवा चित्राचा दर्जा उतरतो. एवढ्यावरून चांगला रिसिव्हर भंगारात काढणे मला पटत नाही. प्लेअरला दोन एचडीएमआय आउट असतील, तर चित्राचे टीव्हीला आणि आवाजाचे रिसिव्हरला जोडा. एकच असेल, तर प्लेअर थेट टीव्हीला लावून आवाज एआरसीने किंवा ऑप्टिकल वायरने रिसिव्हरकडे आणा. नवा रिसिव्हर घ्यायचाच झाला, तर दुकानात आधी त्याची मागची बाजू पाहा आणि आपल्या यंत्रांपेक्षा एखादे ‘इन’ जास्तच असलेला निवडा.