व्यसनमुक्ती आणि ‘सी’ कावीळ

कावीळ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत नवा नाही. डोळे पिवळे झाले की कावीळ उतरविणाऱ्याकडे धाव घेतली जाते. हिपॅटायटिस ‘सी’ ही कावीळ मात्र बहुधा डोळ्यांत दिसतच नाही. तिचा विषाणू रक्तात वर्षानुवर्षे मूक राहून यकृत पोखरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५५ लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता.

हा रोग रक्तावाटे पसरतो. एकच सुई अनेकांनी वापरणे हे त्याचे एक प्रमुख कारण होय. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले, तेव्हा या विषाणूला नावही नव्हते. त्याची ओळख पटली ती १९८९ मध्ये. दारूमुळे हा संसर्ग होत नाही, परंतु संसर्ग असताना दारू घेतल्यास यकृताचा नाश झपाट्याने होतो. म्हणूनच व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या रुग्णाची रक्ततपासणी अगत्याची ठरते. पहिल्या तपासणीत दोष आढळला म्हणजे रोग आहेच असे नव्हे. विषाणू रक्तात आजही आहे काय, हे दुसरी तपासणी सांगते.

केंद्र शासनाने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. सोफोस्बुव्हिर व डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या साधारणतः बारा आठवडे घेतल्यास दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. ‘आधी व्यसन सोड, मग औषध’ ही भूमिका वैद्यकशास्त्राला मान्य नाही, आणि माणुसकीलाही ती धरून नाही.

खरी अडचण पुढे आहे. निवासी व्यसनमुक्ती उपचार बहुधा बारा आठवड्यांच्या आतच संपतो आणि रुग्ण गावी परततो. मुळशी तालुक्यात ताम्हिणीकडील वाडीवरून पौडला किंवा पुण्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. एक खेप चुकते, गोळ्या संपतात, उपचार अर्धवट राहतो. ग्रामपंचायत सदस्यांनी व आशा कार्यकर्तीने अशा रुग्णाच्या प्रवासाची सोय पाहावी. मात्र त्याच्या आजाराची वाच्यता करू नये. एका पंगतीत जेवल्याने वा शेजारी बसल्याने हा रोग होत नाही, हे शिक्षकांनी पालकसभेत अवश्य सांगावे.

या रोगावर लस नाही व बरा झालेला रुग्ण पुन्हा बाधित होऊ शकतो. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून घ्यावे लागते. व्यसनमुक्तीविषयी सल्ला १४४४६ या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य मिळतो.