व्हिसाचा नकार आणि पेढीचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात तीन पिढ्या मुरलेले एक कुटुंब. शेतकऱ्याची पट्टी या पेढीत कधी थांबली नाही, आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी लाखोंचे सौदे आजही फोनवरच्या शब्दावर होतात. पेढीचे थोरले भागीदार, ज्यांना घरात आणि बाजारातही सारे अण्णा म्हणतात, त्यांची एकुलती मुलगी लग्नानंतर लंडनमधील हॅरो येथे राहते. तिचे पहिले बाळंतपण ऑगस्टमध्ये अपेक्षित होते. अण्णा आणि काकूंनी मे महिन्यात ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला आणि तीन आठवड्यांत दोघांनाही नकार आला. भेटीचा खर्च भागवण्याइतका पैसा आपणाजवळ आहे, किंवा असलेला पैसा खरोखर आपलाच आहे, याविषयी खात्री पटत नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

घरात आधी संताप झाला. ज्या माणसाच्या शब्दावर बाजार चालतो, त्याला कोणी परका अधिकारी 'तुमच्याजवळ पैसे आहेत का' असे विचारतो, हे पचणे कठीण होते. व्यापारी घरात पतीवरचा आघात हा पैशाच्या तोट्याहून मोठा मानला जातो. चार दिवस ते पत्र टेबलाच्या खणातच पडून राहिले. पुढे धाकट्या भावाच्या मुलाने ते ओळीओळीने वाचले, तेव्हा ध्यानात आले की अधिकाऱ्याने अण्णांच्या प्रामाणिकपणावर शंका घेतलेली नव्हती. त्याच्यासमोर आलेल्या कागदांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता, एवढेच त्याचे म्हणणे होते. आणि खरोखरच तो बसत नव्हता.

पहिली विसंगती उत्पन्नाची. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात अण्णांनी एक कोटी नव्वद लाख लिहिले होते. पेढीची उलाढाल तीन कोटी ऐंशी लाखांची आणि भागीदार दोघे, म्हणून निम्मी रक्कम! प्राप्तिकर विवरणपत्रात मात्र पेढीकडून मिळणारे मानधन आणि भांडवलावरील व्याज मिळून सहा लाख चाळीस हजार दिसत होते. उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे, हे अण्णांना कोणी शिकवण्याची गरज नाही. पण अर्ज भरणाऱ्या दलालाने 'मोठा आकडा टाका' म्हटले आणि त्यांनी मान डोलावली. यात आणखी एक बारकावा आहे, जो विलायतेतल्या अधिकाऱ्याला आपोआप कळण्याची शक्यता नाही. भागीदारी पेढीच्या नफ्यावर पेढी स्वतः कर भरते. त्यामुळे भागीदाराच्या वाट्याला येणारा नफा त्याच्या वैयक्तिक विवरणपत्रात करमुक्त उत्पन्न म्हणून निराळा दाखवला जातो आणि एकूण उत्पन्नाच्या ओळीत मिळवला जात नाही. अण्णांचा असा वाटा पाच लाख वीस हजारांचा होता. म्हणजे त्यांचे खरे उत्पन्न अकरा लाख साठ हजार. ते एक कोटी नव्वद लाखही नव्हते आणि सहा लाख चाळीस हजारही नव्हते.

दुसरी विसंगती बचत खात्याची. व्यापाऱ्याचा पैसा मालात, उधारीत आणि पेढीच्या भांडवलात अडकलेला असतो. तो बचत खात्यात निजवून ठेवणे हा त्याच्या दृष्टीने वेडेपणा. अण्णांच्या खात्यात वर्षभर चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास शिल्लक राहत असे. अर्जापूर्वी अठरा दिवस त्यात एकदम सहा लाख रुपये जमा झाले. धाकट्या भावाने दिलेले, घरातलेच पैसे. भावाभावांत कागद कशाला? पण अधिकाऱ्याच्या नजरेला दिसले ते एवढेच की पन्नास हजारांच्या खात्यात अचानक सहा लाख आले आणि ते कोठून आले याविषयी अक्षरही लिहिलेले नाही. व्हिसा हाती पडल्यावर ते पैसे परत जाणार असावेत, असा तर्क त्याने केला असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

बँकेत हयात घालवलेल्यांना एका दिवसाच्या शिलकीची किंमत चांगलीच ठाऊक असते. ३१ मार्चला ठेवींचे आकडे फुगवण्याची आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते ओसरण्याची लीला बँकांनी स्वतःच वर्षानुवर्षे केलेली आहे. म्हणून शिल्लक दाखल्यापेक्षा सहा महिन्यांचा खातेउतारा अधिक बोलका. दाखला एक दिवस दाखवतो, उतारा संसार दाखवतो.

तिसरी अडचण पेढीच्या खात्याची. आधार म्हणून पेढीच्या कॅश क्रेडिट खात्याचा उतारा जोडला होता. सीसी खाते म्हणजे तारण मालावर बँकेने दिलेली कर्जमर्यादा. त्यात वापरलेली रक्कम उणे दिसते, आणि चालत्या धंद्यात ती तशीच दिसायची. परक्या वाचकाला मात्र तेथे तीस लाखांनी बुडालेला माणूस दिसतो. शिवाय ते खाते पेढीचे. त्यातून अण्णा स्वतःसाठी किती उचल करू शकतात, हे कोठेच सांगितलेले नव्हते. काकूंच्या नावे तर काहीच जोडलेले नव्हते. त्या 'गृहिणी', एवढीच त्यांची नोंद.

ब्रिटनचा नियम मुळात काय मागतो? तेथील स्थलांतर नियमांच्या 'परिशिष्ट व्ही' मध्ये पर्यटकासाठी अटी दिल्या आहेत. मुदत संपताच परत जाणे, भेटीचा हेतू खरा असणे, आणि तेथे काम न करता किंवा सरकारी मदत न घेता परतीच्या प्रवासासह सारा रास्त खर्च भागेल इतका पैसा असणे, या त्यांतील मुख्य. किती पैसा, याचा आकडा नियमात नाही. आठ आठवडे मुलीच्या घरी राहणाऱ्या दांपत्याला आणि पंधरा दिवस हॉटेलात उतरणाऱ्या कुटुंबाला एकच माप लावता येत नाही, हे उघड आहे. 'पैसे २८ दिवस खात्यात असले की झाले' हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा सल्ला विद्यार्थी व्हिसाच्या नियमातून उचललेला आहे. पर्यटकासाठी असा नियम नाही. उलट ब्रिटिश गृहखात्याची कागदपत्रांविषयीची मार्गदर्शिका सांगते की पैसा अर्जदाराला वापरता येतो हे दिसले पाहिजे आणि तो कोठून आला हेही दिसले पाहिजे. गाडीची कागदपत्रे, क्रेडिट कार्डाचे उतारे, पदवी प्रमाणपत्रे, व्यवसायाची कार्डे, घरगुती छायाचित्रे यांचा उपयोग नाही, असेही तीत म्हटले आहे. अण्णांच्या पहिल्या फायलीत यांतले बरेच काही होते. भावाचा खुलासा तेवढा नव्हता.

नकारानंतर दाद मागण्याची वाट अरुंद आहे. नातेवाइकांच्या भेटीसाठी जाणाऱ्यांना पूर्वी अपिलाचा हक्क होता. २५ जून २०१३ पासून तो काढून घेण्यात आला. मानवी हक्काचा मुद्दा किंवा न्यायालयीन फेरतपासणी एवढेच मार्ग उरतात आणि ते खर्चिक आहेत. नव्याने अर्ज करणे हाच बहुतेकांचा व्यवहार्य मार्ग, आणि त्यासाठी थांबण्याची ठरावीक मुदत नाही. शुल्क मात्र पुन्हा पूर्ण भरावे लागते. सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये माणशी १२७ पौंड झाले आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. मुदतीची अट नाही म्हणून त्याच फायलीला नवे फॉर्म लावून आठवड्याभरात पुन्हा अर्ज करणारेही आढळतात. आधीचा निर्णय नव्या अधिकाऱ्यासमोर असतोच. त्यातल्या आक्षेपांना उत्तर नसेल, तर दुसरे नकारपत्र पहिल्याची नक्कल ठरते.

याच टप्प्यावर दलालाने दुसरा मार्ग सुचवला. एका ओळखीच्या ठिकाणाहून 'हवा तसा' खातेउतारा मिळेल, म्हणाला. अण्णांनी त्याला त्याच दिवशी रजा दिली, हे बरे झाले. कागदाची पडताळणी थेट बँकेकडे होऊ शकते, आणि खोटा कागद सिद्ध झाल्यास दहा वर्षे ब्रिटनचा दरवाजा बंद होतो. नातवाच्या पाचवीपुढे गेलेल्या मुंजीलाही जाता येऊ नये, एवढा तो काळ आहे.

दुसऱ्या अर्जाच्या तयारीला पाच आठवडे लागले. पेढीचे सी.ए. विवरणपत्रांच्या गर्दीत होते, आणि घाई करण्याजोगे ते काम नव्हते. या वेळी उत्पन्न अकरा लाख साठ हजार लिहिले गेले. त्यासोबत तीन वर्षांची विवरणपत्रे, भागीदारीचे करारपत्र, जीएसटी नोंदणी, पेढीचा ताळेबंद आणि त्यातील अण्णांचे भांडवल खाते जोडले. दरमहा घरखर्चासाठी पेढीतून होणारी उचल त्या खात्यात नावे पडलेली होती, आणि तीच रक्कम त्याच तारखेला बचत खात्यात जमा दिसत होती. दोन कागदांत एकच व्यवहार दोन्ही बाजूंनी दिसला की त्याला पुराव्याचे वजन येते. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या समाजाला हे निराळे सांगायला नको. मानधन, व्याज आणि नफ्याचा वाटा यांची फोड करणारे सी.ए. चे प्रमाणपत्रही दिले. त्यावर यूडीआयएन हा अठरा अंकी क्रमांक होता. फेब्रुवारी २०१९ पासून अशा प्रत्येक प्रमाणपत्रास तो सक्तीचा आहे आणि त्यावरून प्रमाणपत्राचा खरेपणा कोणालाही तपासता येतो. सीसी खात्याचा उतारा वगळला नाही; ते कर्जमर्यादेचे खाते आहे आणि मर्यादा किती आहे, हे बँकेच्या पत्राने स्पष्ट केले.

भावाच्या सहा लाखांचे काय करायचे, यावर घरात दोन मते पडली. ते गुपचूप परत करून विषय संपवावा, असे एक मत. पण आधीच्या उताऱ्यात ती जमा अधिकाऱ्याने पाहिलेली होती. अखेर खरे तेच लिहिले: रक्कम भावाने प्रवासासाठी दिली होती, ती त्याच्या या खात्यातून आली, आणि आता ती परत केलेली आहे. परतीची नोंद उताऱ्यात होती.

मग प्रवासाचा खर्च कशातून? येथे काकू बोलल्या. २०१९ मध्ये माहेरची जमीन विकली गेली, तेव्हा त्यांच्या वाट्याचे नऊ लाख मुदत ठेवीत ठेवले होते. पहिल्या वेळी ती ठेव कोणी दाखवलीच नाही, कारण ती मोडायची नव्हती! दाखवणे आणि मोडणे यांत फरक आहे. कित्येक वर्षे जागची न हललेली, खरेदीखतापर्यंत माग लागणारी ती ठेव म्हणजे साऱ्या फायलीतला सर्वांत भक्कम कागद ठरली. खरेदीखत मराठीत होते. त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर, अनुवादकाचे नाव, सही, तारीख आणि संपर्कासह जोडले.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र कागदाची नव्हती. मुलगी-जावई खर्च उचलायला प्रथमपासून तयार होते आणि नियमही त्याला मान्यता देतो. नाते खरे हवे, मदत करणारा तेथे कायदेशीर राहणारा हवा, आणि मदत करण्याची त्याची ऐपत व इच्छा दिसली पाहिजे. अण्णांनी ते नाकारले होते. मुलीच्या घरचे पाणीही न पिणाऱ्या पिढीचा तो संस्कार होता, आणि भावाकडून सहा लाख घेण्याचे मूळही त्यातच होते. या वेळी जावयाने फोनवर एवढेच म्हटले, "अण्णा, तुम्ही आमच्याकडेच राहणार, आमच्याकडेच जेवणार. ते कागदावर लिहिलं तर काय बिघडलं?" राहणे-जेवणे मुलीकडे आणि विमानभाडे व वरखर्च स्वतःचा, अशी खरीखुरी वाटणी दोन पानांच्या पत्रात मांडली गेली. जावयाच्या पगाराचे कागद, बँकेचे उतारे आणि घराचा भाडेकरार सोबत जोडला. तरीही अर्जदाराच्या स्वतःच्या हिशेबाची जागा यजमानाचा पगार घेत नाही. माणूस परत का येईल, याचे उत्तर त्याच्या इथल्या धंद्यात आणि घरातच असते.

मुक्कामही आवरला. पहिल्या अर्जात साडेपाच महिने लिहिले होते. इतके दिवस पेढी कोण पाहणार, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आता आठ आठवडे लिहिले, आणि फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक सुरू होण्याआधी परतणे का आवश्यक आहे, ते एका परिच्छेदात सांगितले. पूर्वीच्या नकाराविषयीच्या प्रश्नाला अर्थातच 'होय' असे उत्तर दिले. तो लपवणे हे नकाराहून वाईट.

अन्य देशांची रीत थोडी निराळी आहे. युरोपातील शेंगेन देश ठरावीक नमुन्यात कारणांवर खूण करून नकार कळवतात आणि तेथे अपिलाची सोय असते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसात कागदांपेक्षा मुलाखतीतील दोन मिनिटांना महत्त्व अधिक. कागदांवर चालणारे ब्रिटनचे काम व्यापाऱ्याला एका अर्थी सोयीचेच म्हणावे, कारण हिशेब मांडायला त्यात पुरेशी जागा मिळते.

दुसऱ्या अर्जाला सप्टेंबरमध्ये होकार आला. नात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच जन्मली होती. बाळंतिणीचे सारे जावयाच्या आईने केले. काकूंनी डिंकाचे लाडू आणि बाळंतविड्याचे कपडे बॅगेत भरले आणि दोघे हॅरोला पोहोचले, तेव्हा ती सात आठवड्यांची झाली होती.