माजघरातली भिंत

(आकाशवाणीवरील भाषणावरून)

दाभोळ खाडीकाठचं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी आणि मधोमध लांबरुंद माजघर. वडील गेल्यावर आम्हा भावांचं बिनसलं आणि १९९९ साली त्या माजघरात भिंत उभी राहिली. एका चुलीच्या तीन झाल्या. कोण बरोबर, कोण चूक, ते आता सांगत नाही. मीही चिरे वाहिले होते.

दोन वर्षांपूर्वी थोरले भाऊ गेले. धाकटा कुवेतहून कायमचा परतला. भाबी एकदा म्हणाल्या, "ती भिंत काढा. पलीकडे कुणी खोकलं तरी मला कळत नाही." बहिणीला फोन केला. घरात तिचाही वाटा आहे, तिला न विचारता हात लावणं बरं नव्हे. ती म्हणाली, काढा.

मला वाटलं, एका दिवसाचं काम. गवंड्यानं मात्र शिडी मागितली, माळ्यावर चढला आणि खाली येऊन म्हणाला, "मास्तर, ही पाडली तर घर बसेल." (कविता लिहितो म्हणून गाव मला मास्तर म्हणतं.) माळ्याच्या तुळईचं एक टोक वाळवीनं खाल्लं होतं. तुळई हळूहळू खाली येऊन याच भिंतीवर टेकली होती. भांडणात घातलेली भिंत घराचं ओझं पेलत होती!

जुनी घरं दुरुस्त करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. नंतर घातलेली भिंत म्हणजे नुसता आडपडदा, असं धरून चालू नये. लाकूड वाकतं, जमीन दबते आणि भार वाट शोधत जातो. एक कौल दोन-अडीच किलोचं. पावसात पाणी पिऊन ते आणखी जड होतं. आमच्या छपरावर किती कौलं असतील, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मग चिपळूणहून इंजिनिअर आणला. आधी टेकू, मग लोखंडी गर्डर, त्याची दोन्ही टोकं जाड भिंतीत, आणि सगळ्यात शेवटी भिंतीला हात. चिरे वरून एकेक करून उतरवले. अकरा दिवस लागले.

दुसरी चूक मीच पूर्वी केली होती. ओल येते म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता. जांभा सच्छिद्र दगड. खाणीत मऊ असतो, वाऱ्यावर घट्ट होतो. मलबारात पाहिलेल्या या दगडाची नोंद बुकाननने १८०७ साली प्रसिद्ध केली आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं. तर असा दगड पाणी पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंटनं ही सोडण्याची वाट बुजते, मग ओल आतल्या बाजूनं निघते आणि पोपडे पडतात. ते सिमेंट खरवडून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा केला. महाग पडला आणि वाळायला वेळ लागला, पण खोलीतला कुबट वास गेला.

आता माजघर एक, स्वयंपाकघर एक. शेगड्या मात्र दोन, कारण भाबींना तिखट चालत नाही. पडवीच्या फळ्या काढून ती मोकळी केली; संध्याकाळी सगळे तिथेच बसतात. न्हाणीचा उंबरा काढून जमीन सारखी केली, भिंतीला धरायला दांडी लावली. प्रत्येकाची खोली वेगळी, आतून कडी लागणारी, आणि विजेचे पोटमीटरही वेगळे. यावर धाकटा अडून बसला होता आणि त्याचंच बरोबर होतं. पूर्वीच्या घरात कुणाला दार लावून बसायची सोय नव्हती. आमच्या भांडणाचं अर्धं मूळ तिथेच असावं, असं मला आता वाटतं.

निघालेल्या चिऱ्यांचा विहिरीजवळ कपडे धुवायला ओटा केला. उरलेले आठ-दहा परसात पडून आहेत. पहिल्या पावसात गर्डरजवळ थोडं गळलं. भाबींनी खाली बादली ठेवली आणि गवंड्याला निरोप धाडला.