रिस्क 'टेक' केलीत, की नुसती 'रन'?

शुक्रवारची संध्याकाळ. कॅब खाली उभी, मित्रांचे फोनवर फोन, आणि तुम्ही क्लायंटला शेवटचा मेल टाकताय. ओळखीचं वाटतंय ना?

आयटीतल्या माझ्या एका मैत्रिणीने अशाच घाईत मेल टाकला. टेस्टिंग अर्धवट होतं, पण क्लायंटला रिलीज आजच हवं होतं. तिने लिहिलं, 'वी आर टेकिंग अ रिस्क बाय रिलीजिंग टुडे.' सोमवारी सिस्टिम झोपली आणि मीटिंगमध्ये तिचाच मेल स्क्रीनवर झळकला. 'रिस्क तुम्हीच घेतलीत की, तसं लिहिलंय!' बिचारीला सांगायचं होतं, धोका आहे. लिहून बसली, जबाबदारी आमची!

तिचं ग्रामर चोख होतं. घोळ केला क्रियापदाने. मराठीत आपण सरसकट 'रिस्क घेतो' आणि मोकळे होतो. इंग्रजीत मात्र रिस्कच्या जोडीला कोण बसलंय, त्यावरून ठरतं की बिल कोणाच्या नावावर फाटणार.

टेक अ रिस्क : इथे निर्णय तुमचा. काहीतरी मिळवायचंय म्हणून जाणूनबुजून पाऊल उचललंत. नोकरी सोडून कॅफे काढलात, तर तुम्ही रिस्क 'टेक' केलीत. विचारपूर्वक, आकडे मांडून केलंत, तर ती 'कॅल्क्युलेटेड रिस्क'. इंटरव्ह्यूमध्ये ही जोडी शोभून दिसते.

रन द रिस्क : इथे पळापळ नाही. असंच चालू राहिलं तर अमुक होऊ शकतं, एवढाच अर्थ. 'वी रन द रिस्क ऑफ मिसिंग द डेडलाइन.' डेडलाइन चुकवायची कोणालाच हौस नाही, पण वेळीच इशारा दिलाय. 'रिस्क ऑफ'नंतरचं क्रियापद 'आयएनजी' लावूनच येतं, हे विसरू नका.

पोझ अ रिस्क : इथे धोका वस्तूचा किंवा परिस्थितीचा. 'द ओल्ड सर्व्हर पोझेस अ रिस्क टू अवर डेटा.' कोणा माणसाकडे बोट नाही, त्यामुळे रिपोर्टात एकदम फिट. कोणाला धोका, ते सांगताना 'टू'.

पुट ॲट रिस्क : ही जोडी जपून! तुमच्यामुळे दुसऱ्याचं काहीतरी पणाला लागलं, असा थेट आरोप त्यात असतो. बॉसला मेल लिहिताना दोनदा विचार करा.

आता विशेषणं. 'हेवी रिस्क' इंग्रजी कानाला खटकतं. 'हाय', 'लो', 'सीरियस', 'स्लाइट' हे रिस्कचे जुने दोस्त. म्युच्युअल फंडाचं रिस्कोमीटर आठवा. 'सेबी'च्या नियमाने जानेवारी २०२१ पासून त्यावर सहा पायऱ्या आल्या : लो, लो टू मॉडरेट, मॉडरेट, मॉडरेटली हाय, हाय आणि व्हेरी हाय. पैसे गुंतवा न गुंतवा, शब्द तरी पाठ करा!

आणि धोका कमी करायचा असेल तर 'रिड्यूस' किंवा 'मिनिमाइज' म्हणा. जरा फॉर्मल हवं असेल तर 'मिटिगेट'. 'एलिमिनेट' मात्र शक्यतो नको. धोका समूळ संपवतो, असं लिहून दिलंत की पुढे तोच मेल तुमच्यासमोर येणार.

मग मैत्रिणीने काय लिहायला हवं होतं? 'इफ वी रिलीज टुडे, वी रन द रिस्क ऑफ अ सिस्टिम फेल्युअर. प्लीज कन्फर्म.' झालं! इशारा पोचला, निर्णयाचा चेंडू क्लायंटच्या कोर्टात.

इमारतीखालची 'पार्किंग ॲट ओनर्स रिस्क'ची पाटी रोज बघता ना? चार शब्दांत सोसायटीने हात झटकलेत. पाटी लिहिणाऱ्याला जे जमलं, ते आपल्याला का जमू नये? तेव्हा पुढच्या शुक्रवारी कॅब दोन मिनिटं थांबू दे. 'सेंड' दाबण्याआधी रिस्कच्या शेजारचा शब्द नीट जोखून बघा.