वणव्यानंतरची पेरणी

फाल्गुन सरू लागला की यवतमाळ जिल्ह्यातील सागाची जंगले निष्पर्ण होतात आणि जमिनीवर वाळलेल्या पानांचा जाड थर साचतो. वन खात्याच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. घाटंजी, पांढरकवडा, झरी जामणी, उमरखेड या भागांत शेत आणि जंगल यांच्यामध्ये पुष्कळदा एका धुऱ्याचेच अंतर असते. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कोणी जाळतो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून कोणी आग लावतो, तर कोणी आपल्याच धुऱ्यावरचे गवत पेटवून घरी परततो. यांपैकी कोणाच्याही हातून सुटलेली ठिणगी वाऱ्याबरोबर वस्तीपर्यंत पोचू शकते. आग विझते, पंचनामा होतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो आणि त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

उन्हाळ्यात कोरडवाहू शेत मोकळे असते. त्यामुळे वणव्याने शेतकऱ्याचे फारसे काय गेले, असे दुरून पाहणाऱ्यास वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. पीक शेतात नसते, कारण ते घरात आलेले असते. भाव चढेल या आशेने राखून ठेवलेला कापूस, वर्षाची तूर, बियाण्यासाठी बाजूला काढलेले सोयाबीन, गोठ्यालगतची कुटाराची गंजी, कुंपणासाठी आणि चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाट्या व तुराट्या, आणि त्यांच्याच आडोशाला ठेवलेली बंडी, वखर, डवरे, तिफण हे सारे एकाच वेळी जळते. म्हणजे गेल्या हंगामाचे उत्पन्न आणि पुढच्या हंगामाचे भांडवल एकाच ज्वाळेत जाते. कापूस आणि सोयाबीन यांनी ज्वारीचे क्षेत्र व्यापल्यापासून कडबा दुर्मीळ झाला आहे. चारा जळालेल्याने शेजाऱ्याकडे मागावा, तर शेजाऱ्याकडेही तो बेताचाच असतो. मग घर जळाले तरी वाचलेली बैलजोडी चाऱ्यावाचून विकावी लागते.

आगीचा समावेश आपत्ती निवारण निधीतून मदत देण्याजोग्या आपत्तींत आहे. केंद्र शासनाने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांत पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, ओढकामाच्या बैलासाठी ३२ हजार आणि घराला जोडून असलेल्या गोठ्यासाठी ३ हजार रुपये धरले होते. पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास निविष्ठा अनुदानाची तरतूद होती. याच निकषांत मच्छीमाराच्या नावेसाठी, जाळ्यासाठी आणि कारागिराच्या हत्यारांसाठी मदत होती व ती रास्तच होती. परंतु शेतकऱ्याच्या बंडीला, तिफणीला वा चाऱ्याच्या गंजीला त्या तक्त्यात ओळ नव्हती. पीक विम्याचेही तेच. तो उभ्या पिकासाठी असतो आणि आगीपैकी नैसर्गिक आगीचाच विचार करतो. घरात साठविलेला कापूस माणसाच्या हातून लागलेल्या आगीत जळाला, तर त्याची भरपाई या विम्यातून होत नाही.

घराच्या मदतीतही एक खाचखळगा आहे. कच्चे घर आणि झोपडी यांत या निकषांनी भेद केला. कच्च्या घराला १ लाख २० हजार, झोपडीला केवळ ८ हजार. गवत, माती, प्लास्टिक अशा साहित्याचा तात्पुरता निवारा म्हणजे झोपडी, असा तिचा अर्थ. आता झरी जामणीकडच्या कोलाम पोडावर बांबूच्या कुडाला माती लिंपून आणि वर कवेलू घालून ज्या घरात पिढ्या नांदल्या, ते घर तात्पुरते कसे म्हणावे? पण राखेच्या ढिगात कच्चे घर आणि झोपडी सारखीच दिसतात. पंचनाम्यातील एका शब्दावर कुटुंबाचे १ लाख १२ हजार रुपये अवलंबून असतात. ज्याला तो कागद वाचता येत नाही, त्याच्या वतीने तो वाचणारा गावात कोणीतरी असलाच पाहिजे. हे काम शिक्षकाने, ग्रामपंचायतीच्या कारकुनाने वा शिकणाऱ्या मुलाने केले, तर त्याइतकी मोठी मदत दुसरी नाही.

आग गावकऱ्यांनीच लावली, मग शासनाने भुर्दंड का सोसावा, असा आक्षेप घेतला जातो. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हाच आहे आणि तो करणाऱ्याला शासन झाले पाहिजे. तथापि आग लावणारा आणि घर गमावणारा हे बहुधा एक नसतात. एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे.

घर उभारायला वासे, बांबू लागतात. विदर्भातील गावांना निस्तार हक्कांची जुनी परंपरा आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने त्या हक्कांना मान्यता दिली आणि बांबूला गौण वनोपजात स्थान दिले. आगीत घर गेलेल्यास ग्रामसभेच्या ठरावावर गावच्या वनातून बांबू तातडीने मिळणे अशक्य नाही. उताराच्या शेतात गवत आणि पाचोळा जळून जमीन उघडी पडलेली असते. पहिल्याच सरीत तिचा कस वाहून जाऊ नये म्हणून पावसापूर्वी उताराला आडवे दगडी बांध घालावे लागतात. हे काम रोजगार हमीतून घेतल्यास जळालेल्या कुटुंबाच्या हाती मजुरीही पडेल. पुढच्या वर्षी गंजी घरापासून दूर रचणे आणि होळीपूर्वी गावाभोवती जाळरेषा काढणे हे मात्र गावाचेच काम.

जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो. एप्रिलमध्ये ज्याचे घर जळाले, त्याच्या हाती उणेपुरे दोन महिने असतात. मदत दिवाळीला मिळाली तर कागदावर ती पूर्ण असेल, पण तोवर शेत पडीक राहिलेले असेल किंवा बी-बियाण्यासाठी सावकाराचे दार ठोठावून झालेले असेल. किती घरे जळाली आणि किती रुपये वाटले, एवढ्यावर पुनर्वसनाचा हिशेब संपवता येणार नाही. जळालेल्या घरांपैकी किती घरांची पेरणी मृगात झाली, हा आकडाही त्यात लिहिला गेला पाहिजे.